चुलीचा धूर आणि जनुकांची दारं

जुलैत राधानगरीकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस उसंत देत नाही. उन्हाळ्यात फोडून, वाळवून, रचून ठेवलेलं जळणही या दिवसांत ओल धरतं. पहाटे चूल पेटवताना आधी शेणीचा तुकडा, त्यावर काटक्या, मग फुंकणी. लाकूड फुसफुसतं, त्याच्या तोडलेल्या टोकाला फेस येतो आणि जाळाच्या आधी धूर उठतो. सरी आत येतात म्हणून खिडकी लावलेली, वाऱ्यामुळे दारही ओढून घेतलेलं. कौलांच्या फटींतून निघेल तेवढा धूर निघतो, उरलेला घरातच घोटाळत राहतो. चुलीपुढची आजी पदराने डोळे पुसते आणि विचारलंच तर म्हणते, "आता काय, सवय झालीया."

डोळ्यांना सवय होत असेल, फुप्फुसांना होत नाही. आणि फुप्फुसांच्याही आत, पेशीच्या गाभ्यात, या धुराची नोंद होत असते असं गेल्या वीसेक वर्षांतलं संशोधन सांगू लागलं आहे. ही नोंद कशी होते, ती लेकरांपर्यंत पोहोचते का आणि ती पुसता येते का, हे राधानगरीसारख्या तालुक्यात समजून घ्यायलाच हवं. कारण आपल्याकडची हवा चांगली आहे, असं आपण इथे धरूनच चाललेलो असतो.

हिरव्या तालुक्यातला धूर

तसं धरून चालायला कारणंही आहेत. कोल्हापूरहून ५०-५५ किलोमीटरवरचं हे गाव. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं आणि भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. दाजीपूरचं जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी राखीव झालं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा राधानगरी अभयारण्य त्या यादीत होतं. पुण्या-मुंबईची माणसं इथे मोकळा श्वास घ्यायला येतात.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा ठरवलेल्या मर्यादेत बसत नाही, त्यांच्या यादीत कोल्हापूर आहे. हा कार्यक्रम शहरांसाठीचा, त्यामुळे राधानगरीचं नाव त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. हवा मोजणारी यंत्रं शहरातल्या चौकांत आणि औद्योगिक वसाहतींत बसतात, चुलीपुढच्या पाटाशेजारी बसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार २४ तासांच्या सरासरीत सूक्ष्म धूलिकण घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नयेत. भारताची मर्यादा ६० आहे. लाकूड किंवा शेणी जळत असलेल्या बंद स्वयंपाकघरात हा आकडा काही शेकड्यांवर सहज जातो, कधी हजारही ओलांडतो.

बाहेरचा धूरही आहेच. तोडणीनंतर शेतात पाचट पेटवतात, कधी उभा फडच पेटवून जळीत ऊस कारखान्याला घालतात. हंगामात गुऱ्हाळघरांची चुलवाणं दिवसभर धगधगतात. काहिलीखाली चिपाडं सारणाऱ्या माणसाच्या तोंडावर धग असते आणि वारा फिरला की धूरही त्याच्याच अंगावर येतो. पण वर्षाचे ३६५ दिवस, सकाळ-संध्याकाळ धुराशी गाठ पडते ती घरातल्या बाईची आणि तिच्या कडेवरच्या मुलाची.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गॅस खेड्यापाड्यांत पोहोचला. तरीही २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी ग्रामीण कुटुंबं देशभरात सुमारे ४३ टक्केच निघाली. ज्या घरात गॅस आहे तिथेही चूल विझलेली नसते. चहा आणि भाजी गॅसवर होते, भाकरी चुलीवर, आणि आंघोळीच्या पाण्याचा हंडा तर चुलीवरच. सिलिंडर पुन्हा भरून आणायचे पैसे लागतात, जळण रानातून येतं. यात बाईचा हट्ट नाही, घरखर्चाचं गणित आहे.

कण आत कुठवर जातो

या धुरात कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मॅल्डिहाइड, बेंझोपायरिनसारखी कर्करोगकारक संयुगं आणि सूक्ष्म कण असतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना 'पीएम २.५' म्हणतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या जाडीत असे २५-३० कण शेजारी शेजारी मावतील. नाकातले केस आणि घशातला चिकट द्राव मोठी धूळ अडवतात. हा कण त्यांना चुकवून फुप्फुसातल्या शेवटच्या वायुकोशापर्यंत जातो, आणि त्यातले सर्वांत बारीक कण रक्तातही उतरू शकतात.

वायुकोशात पहाऱ्याला असलेल्या पांढऱ्या पेशी कणाला गिळतात, पण काजळी त्यांना पचत नाही. या झटापटीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात आणि पेशी धोक्याचे संदेश सोडतात. मग दाह सुरू होतो. काटा रुतल्यावर बोट सुजतं तशीच ही प्रक्रिया आहे. फरक इतका की बोटातला काटा काढता येतो, आणि इथे रोज दोन वेळा नवे काटे रुततात.

वर्षानुवर्षं हे चाललं की श्वासनलिका आकसतात आणि सीओपीडी हा दम्यासारखा, पण पूर्ण बरा न होणारा आजार जडतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढलेली नसते. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूडफाटा आणि शेणीच्या धुरात जगणारे सुमारे ३०० कोटी, हा हिशेबही त्यांनी मांडला. बिनविडीच्या या रुग्णांत आपल्या चुलीपुढच्या आज्या आहेत.

दारं धरणारी रसायनं

आता पेशीच्या गाभ्यात जाऊ. आपल्या बहुतेक प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो. त्यावर प्रथिनं बनवण्याच्या सूचना देणारी सुमारे वीस हजार जनुकं असतात. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुकं तीच. मग एक पेशी पाहते आणि दुसरी पित्त बनवते, हे कसं?

राधानगरीच्या शेतकऱ्याला हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. धरणात पाणी आहे म्हणून शेत भिजत नाही. पाटातून कुठलं दारं मोडलं आणि कुठलं बंद केलं, त्यावर कुठली सरी भिजणार ते ठरतं. रात्री बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला गेलेला माणूस पाण्यात काहीच बदल करत नाही, फक्त चिखलाचा ढेकूळ इथला काढून तिथे लावतो. पेशीत हेच काम काही रसायनं करतात. जनुकाचा मजकूर तोच राहतो, पण त्याचं दारं उघडं की बंद हे बदलतं. या व्यवस्थेच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये वापरात आणला.

इथल्या ढेकळाचं नाव मिथाइल गट. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा हा लहानसा गट डीएनएवरच्या ठरावीक जागी चिकटतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की ते जनुक सहसा गप्प होतं, निघाले की बोलू लागतं. दुसरी सोय म्हणजे हिस्टोन प्रथिनं. डीएनए त्यांच्याभोवती रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट झाली की तिथलं जनुक वाचता येत नाही, सैल झाली की येतं. तिसरी सोय सूक्ष्म आरएनएची. जनुकाकडून निघालेला निरोप वाटेतच अडवण्याचं काम ते करतात.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ३४७.५ फुटांवर गेलं की त्याच्या दाबानेच ते उघडतात, कुणाला कळ दाबावी लागत नाही. शरीरातली बरीच दारंही अशी परिस्थितीच्या दाबाने हलतात. उपासमार, आजार, तंबाखू, मनावरचा ताण यांनी ती हलतात. धुरानेही हलतात.

कारखान्यातले चार दिवस

याचा एक नेटका पुरावा इटलीतल्या ब्रेशिया भागातून आला. तिथल्या पोलाद कारखान्यातल्या ६३ कामगारांचं रक्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी, काम सुरू होण्याआधी घेतलं आणि चार दिवस काम झाल्यावर पुन्हा घेतलं. दाहाशी संबंधित असलेल्या एका जनुकावरचे मिथाइल गट तेवढ्यात कमी झालेले आढळले. दाहाचं दारं उघडायला चार दिवस पुरले होते. हा अभ्यास २००९ चा. त्याच वर्षी अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या ७१८ वयस्क पुरुषांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आदल्या काही दिवसांत हवेत वाहनांची काजळी जास्त असेल, तर डीएनएवरचे एरवी कुलूपबंद ठेवलेले भाग थोडे मोकळे झालेले दिसले.

या दोन्ही अभ्यासांत माणसं आपापल्या नेहमीच्या हवेत वावरत होती, त्यामुळे दुसरं काही कारण असू शकेल अशी शंका उरते. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये ती दूर करण्याचा प्रयत्न झाला. दम्याच्या १६ रुग्णांना एकदा गाळलेली हवा आणि एकदा पातळ केलेला डिझेलचा धूर दोन-दोन तास दिला. माणूस तोच, बदलली फक्त हवा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार धुरानंतर एक-दीड दिवसाच्या आत डीएनएवरच्या सुमारे २,८०० ठिकाणी मिथाइलचं प्रमाण बदललं होतं.

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराची हवा अमेरिकेतल्या सर्वांत खराब हवांपैकी एक. तिथल्या दमेकरी मुलांमध्ये संशोधकांना फॉक्सपी३ या जनुकावर जास्त मिथाइल गट सापडले. प्रतिकारशक्तीला 'आता पुरे' असं सांगणाऱ्या पेशी या जनुकावर चालतात. तेच दारं बंद झालं तर दाह थांबवणारं कुणी उरत नाही. मुलांच्या दम्याची एक वाट इथून जात असावी.

इथे तोलून बोललं पाहिजे. यातले बहुतेक बदल लहान आहेत, काही टक्क्यांचे. ते बहुधा रक्तात मोजलेले आहेत, प्रत्यक्ष फुप्फुसात नव्हेत. वाहनं, कारखाने आणि तंबाखू यांच्या धुरावर जितका अभ्यास झाला, तितका चुलीच्या धुरावर झालेला नाही. धुराने खुणा बदलतात हे पुष्कळ ठिकाणी दिसलं आहे. अमुक खुणेमुळेच अमुक आजार झाला, ही साखळी मात्र मोजक्याच ठिकाणी जुळत आली आहे. धूर आजार घडवतो याबद्दल शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवलं आहे. तो आजार कोणत्या वाटेने येतो, याचा शोध एपिजेनेटिक्स घेत आहे.

एका चुलीपुढे तीन पिढ्या

पोटातल्या बाळाच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर होते. गर्भात एका पेशीपासून डोळे, हृदय, मेंदू घडतात ते याच दारांच्या उघडझापीने. पाया भरतानाच ओळंबा हलला तर भिंत तशीच वर जाते. आईच्या धूम्रपानावर १३ अभ्यास एकत्र करून ६,६८५ नवजात बाळांची तपासणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात धूम्रपान करणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये डीएनएवर सहा हजारांहून अधिक ठिकाणी फरक दिसला, आणि त्यातले काही मुलं मोठी झाल्यावरही टिकून होते. आपल्या गावातली गरोदर बाई सिगारेट ओढत नाही. पण तंबाखूच्या धुरातली कितीतरी संयुगं लाकडाच्या धुरातही असतात, आणि गरोदरपणातही चूल तिच्याकडेच असते.

पोटातलं बाळ मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मुलीच्या अंडाशयातली सगळी बीजं ती जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात. म्हणजे गरोदर सून चुलीपुढे बसते तेव्हा ती स्वतः, तिची मुलगी आणि त्या मुलीच्या मुलाचं बीज, अशा तीन पिढ्या एकाच वेळी त्या धुरात असतात.

त्यापुढे, धुराशी कधीच संबंध न आलेल्या पतवंडापर्यंत या खुणा जातात का? उंदरांमध्ये काही रसायनांबाबत तसे दाखले मिळाले आहेत. माणसात हे सिद्ध झालेलं नाही. बीजं तयार होताना आणि गर्भधारणेनंतर निसर्ग यातल्या बहुतांश खुणा पुसून पाटी कोरी करतो. म्हणून 'आजीच्या धुराचे भोग नातीच्या नातीला' असं म्हणून कुणी कुणाला घाबरवू नये.

पण गर्भात उमटलेली खूण त्या माणसाच्या आयुष्यभर टिकू शकते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी केलेल्या कोंडीमुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेल्या माणसांची साठ वर्षांनी त्यांच्याच भावंडांशी तुलना केली, तेव्हा वाढीशी संबंधित आयजीएफ२ या जनुकावर मिथाइलचं प्रमाण कमी आढळलं. भूक काही महिन्यांची होती आणि खूण साठ वर्षांनीही दिसत होती.

पुण्याजवळची सहा गावं

गर्भातल्या नोंदींचा आपल्या मातीतला एक मोठा अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उभा केला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची आणि त्यांच्या मुलांची त्यांनी वर्षानुवर्षं नोंद ठेवली. आपली बाळं वजनाने कमी, दिसायला बारीक, पण शरीरात चरबीचं प्रमाण जास्त, हे त्यातून पुढे आलं. सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात ब१२ कमी पण फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारा इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक दिसला. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं.

याचा धुराशी संबंध आहे. मिथाइल गट शरीराला आयते मिळत नाहीत, ते तयार करण्याच्या साखळीत ब१२ आणि फोलेट लागतात. धुराशी झुंजणाऱ्या पेशीला याच साखळीतला कच्चा माल दुसरीकडे, ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंना शमवण्यासाठी वळवावा लागतो. ज्या आईच्या ताटात दूध, अंडी, मासे, मटण आधीच कमी, तिच्याकडे दारं धरायला चिखलही अपुरा. कॅनडातल्या टोरोंटोमध्ये दहा निरोगी माणसांना चार आठवडे ब गटातली जीवनसत्त्वं देऊन मग सूक्ष्म कणांच्या हवेत बसवलं, तेव्हा मिथाइलवरचा दुष्परिणाम बराच कमी झालेला दिसला. प्रयोग २०१७ चा आणि फार लहान, शिवाय गोळ्यांचे डोस नेहमीपेक्षा जास्त. त्यावरून कुणी मनाने गोळ्या सुरू करू नयेत. पण गरोदर बाईच्या हिमोग्लोबिनबरोबर तिच्या ब१२ बद्दलही डॉक्टरांना विचारावं आणि घरातलं दूध डेअरीला घालताना तिचा पेला आधी बाजूला काढावा, इतका बोध त्यातून नक्की घेता येतो.

पुसता येणाऱ्या खुणा

मला या विज्ञानातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पुढची. जनुक आईबापांकडून आलं ते आलं, त्यात आपल्याला काही करता येत नाही. खुणांचं तसं नसतं. सुमारे सोळा हजार माणसांच्या एका अभ्यासात, धूम्रपान सोडल्यानंतर त्यामुळे बदललेल्या बहुतेक जागा पाचेक वर्षांत मूळ पातळीकडे परतल्याचं २०१६ मध्ये दिसलं. काही जागांवर मात्र तीस वर्षांनंतरही फरक उरला होता. दारं पुन्हा बांधता येतं, फक्त लवकर बांधावं.

घरातली साधी दुरुस्तीही आयुष्यं वाचवते. चीनच्या युनान प्रांतातल्या शुआनवेई भागात कधी सिगारेट न ओढलेल्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होत असे. घरात धुराडं नसलेल्या उघड्या चुलींवर त्या धुरकट कोळसा जाळत. पुढे घराघरांत धुराड्याच्या चुली आल्या आणि त्या घरांतल्या बायका-पुरुषांचा हा कर्करोग पुढच्या वर्षांत लक्षणीय घटला. इंधन तेच होतं. धुराला फक्त बाहेरची वाट मिळाली होती.

राधानगरीतल्या घरालाही अशी वाट देता येते. चुलीवर धुराडं किंवा निदान वरची चार कौलं उचलून झरोका. पाणी तापवायची चूल घराबाहेर, पडवीच्या टोकाला. ओलं लाकूड चुलीत घालायचं नाही. तान्हं मूल चुलीजवळच्या पाळण्यात निजवायचं नाही. रानात पाचट पेटवण्याऐवजी त्याची कुट्टी करून सरीत पसरायची, म्हणजे जमिनीला खतही मिळतं. आणि गुऱ्हाळघरात चिपाडांसोबत जुने टायर किंवा प्लास्टिक कधीही जाळायचं नाही, कारण त्याचा धूर लाकडाच्या धुराहून कितीतरी विषारी असतो.

हे सगळं एका वर्षात होणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून एकच गोष्ट आधी मागावीशी वाटते. मे महिन्यात इथल्या प्रत्येक घरात पावसाळ्याची बेगमी होते. जळण रचतात, शेणी झाकून ठेवतात, तिखट-मीठ भरून ठेवतात. ज्या घरात सून किंवा लेक गरोदर आहे, त्या घराने त्या बेगमीत भरलेला सिलिंडर धरावा आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तिला चुलीपुढे बसू देऊ नये. आंघोळीच्या पाण्याखाली जाळ घालायला घरात दुसरं कुणीही पुरेसं आहे. शेतात रात्री-अपरात्री उठून दारं धरणाऱ्या माणसांना तेवढे महिने हे एक दारं धरणं जड जाऊ नये.